उन्हातली छत्री

नमस्कार मंडळी! आज छत्रीबद्दल बोलायचंय, पण पावसातल्या नाही हं, उन्हातल्या. जपानमध्ये जुलै-ऑगस्टचा उकाडा अगदी चिकट, घाम वाळत म्हणून नाही, आणि अशा दुपारी टोकियोत कुठेही बघा, आभाळात ढगाचा पत्ता नसताना बायका छत्री उघडून चाललेल्या असतात. त्या छत्रीला हिगासा म्हणतात. पुरुष मात्र वर्षानुवर्षं उघड्या डोक्यानं, शर्ट भिजलेला, तरी छत्री घेणार नाहीत, कारण काय तर ती बायकांची वस्तू!

मग २०१८ चा उन्हाळा आला. २३ जुलैला कुमागाया शहरात ४१.१ डिग्री, तोवरचा जपानचा उच्चांक, आणि त्या वर्षी उष्माघातानं हजाराच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी पर्यावरण मंत्रालयानं पुरुषांनो छत्री घ्या अशी मोहीम काढली, फादर्स डेला वडिलांना छत्रीच भेट द्या म्हणून सांगितलं. मला हे मनापासून पटलं. ऊन काय बाई-पुरुष बघून पडतं का?

आता जपानची जुनी छत्री, वागासा. हिचं मोठं केंद्र म्हणजे गिफू शहरातला कानो भाग. बांबूच्या काड्या आणि वर हातानं बनवलेला जपानी कागद, त्याला वाशी म्हणतात. खरी गंमत काड्यांची आहे, एकच बांबू चिरून सगळ्या काड्या काढतात आणि ज्या क्रमानं चिरल्या त्याच क्रमानं लावतात, म्हणजे छत्री मिटली की तो बांबू पुन्हा अखंड दिसतो! आपल्या नेहमीच्या छत्रीला आठ काड्या, हिला तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त. पावसाची असेल तर कागदाला तेल लावून उन्हात वाळवतात, उन्हाची किंवा नाचाची असेल तर तेल नाही, त्यामुळे ती हलकी. आणि मिटलेली वागासा ठेवताना टोक वर, मूठ खाली, नाहीतर पाणी काड्यांच्या सांध्यात साचतं. आता काड्या जोडणारा लाकडी तुकडा कोरणारे कारागीर अगदी मोजके उरलेत, ते थांबले तर बाकी सगळं येऊनही छत्री होणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

आणखी एक सांगतो, आपल्या कार्ल्याच्या लेण्यात स्तूपावर लाकडी छत्र आहे ना, तसंच मानाचं छत्र बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे जपानला गेलं, तिथल्या पॅगोड्याच्या टोकावर धातूची कडी दिसतात ती त्याच छत्राची. म्हणजे डोक्यावर सावली धरणं हा आधी मान होता, राजाचा, देवाचा, मग पुरुषांना लाज कसली?

आता कामाचं. छत्रीनं हवा थंड होत नाही, पण अंगावर थेट पडणारं ऊन अडतं आणि फरक तिथेच पडतो. घेताना कापड विरळ नको, उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं तर ठेवून द्या. आतली बाजू गडद असेल तर उत्तम, कारण डांबरी रस्त्यावरून उसळून वर येणारा उजेड ती शोषून घेते, पांढरं अस्तर तोच उजेड परत तोंडावर टाकतं. आणि गर्दीत शिरताना तेवढी मिटून घ्या, काडी कोणाच्या डोळ्याला लागायला नको.