नदीची तब्येत कोणाला विचारायची?

मंडळी, बोरिवली-दहिसरच्या लोकांपुढे दहिसर नदीची ओळख करून द्यायला नको. तुळशी तलावाकडून निघते, राष्ट्रीय उद्यानातून खाली उतरते, हायवे ओलांडते आणि दौलतनगर, कांदरपाडा करत मनोरीच्या खाडीला मिळते. जेमतेम बारा किलोमीटरांची नदी. एवढ्याशा वाटेत तिचं काय होतं, ते तुम्ही पुलावरून रोज बघता.

मासे आणि पाणकिडे मोजून नदीची तब्येत कशी ओळखायची, हा आजचा विषय. पद्धत सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. एका बैठकीत आम्ही पाण्याची तक्रार मांडली, तर समोरच्या साहेबांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत बारीक मासे वळवळत होते. "मासे जगतायत ना? मग नदी मेली कसं म्हणता?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. त्या माना आठवल्या की आजही मला संताप येतो.

कारण ते गप्पी होते हो! मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा, डासांच्या अळ्या खातो म्हणून आपणच आणून सोडलेला. पाण्यातला प्राणवायू संपत आला की तो वर येतो आणि पृष्ठभागाच्या पातळ थरातल्या पाण्यावर तगतो. बाजारात जिला चिलापी म्हणता ती तिलापिया आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. तीही सांडपाणी बऱ्यापैकी सोसते. मरळ आणि मागूर तर थेट हवेतून श्वास घेतात. म्हणून मासे आहेत का, हे विचारून भागत नाही. कोणते आहेत आणि कोणते गेले, हे विचारायला हवं. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या हा मासा वाहतं, स्वच्छ पाणी मागतो. जेम्स कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ साली माशांवरून ओढ्याची प्रकृती ठरवायचा निर्देशांक मांडला, त्यात माशांच्या नुसत्या संख्येपेक्षा जाती, त्यांचं खाणं आणि सोशिकपणा यांना महत्त्व आहे.

"पण पाण्याची लॅब टेस्ट होतेच की," असं कुणी म्हणेल. होते, आणि ती हवीच. पण बाटली भरली त्या घडीचंच ती सांगते. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळी ती वाहून गेली, तर बाटलीला पत्ता लागत नाही. शेवाळ माजलेल्या पाण्यात भर दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तोच अगदी कमी होतो. दगडाखालची मेफ्लाय या पाणकिड्याची अळी मात्र कित्येक आठवडे तिथेच राहिलेली असते. ती त्या सगळ्या रात्रींतून गेलेली असते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून पद्धत भरभर सांगतो. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, वरच्या बाजूला उभं राहून पायाने तळ ढवळायचा, दगड हाताने घासायचे. जे सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचं, कुळापर्यंत (म्हणजे फॅमिलीपर्यंत) ओळखायचं, पुन्हा पाण्यात सोडायचं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण असतात; ज्याला घाण जितकी कमी सोसते, त्याला तितके जास्त. स्टोनफ्लाय या पाणकिड्यांच्या बहुतेक कुळांना दहा, क्रॉफर्ड मार्केटला अ‍ॅक्वेरियमवाले विकतात त्या लाल ब्लडवर्म अळ्यांच्या कुळाला दोन, ट्युबिफेक्स या गाळातल्या बारीक किड्याच्या गटाला एक. बेरजेला कुळांच्या संख्येने भागा, सरासरी येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच धर्तीवर आहेत, म्हणजे मी काही नवं मागत नाहीये.

तीन पथ्यं पाळा. मोजणी पाऊस सरल्यावर करा, पुरात अळ्या वाहून जातात. उद्यानातली जागा आणि वस्तीतली जागा यांची तुलना करताना तळ सारखा बघा. काँक्रीटचा तळ असेल किंवा जेसीबीने नुकताच गाळ उपसला असेल, तर पाणी कितीही स्वच्छ असलं तरी किड्यांना थारा नसतो. आणि खाडीचं खारं पाणी चढतं तिथे हे गुण लावू नका, ते गोड्या पाण्याचे आहेत. उद्यानात उतरायचं तर वनविभागाची परवानगी लागते. अर्ज आपण मिळून करू, नावं मागच्या टेबलावर द्या.