शेवटचा दीड मीटर : पॉवर केबल, अर्थिंग आणि घरातला आवाज

मंडळी, प्रश्न साधा आहे. अँप्लिफायरसोबत आलेली काळी पॉवर केबल काढून तिथे पन्नास हजारांची केबल लावली, तर गाणं जास्त चांगलं ऐकू येतं का? उत्तर आधीच देतो. अँप्लिफायर आणि जुनी केबल दोन्ही धड असतील, तर नाही. पण भिंतीतून येणाऱ्या विजेचा आवाजाशी काही संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. संबंध आहे आणि तो चांगलाच जाणवतो. तो अर्थिंगमध्ये असतो, सॉकेटच्या पकडीत असतो, शेजारच्या फॅन रेग्युलेटरमध्ये असतो. आजचा बराचसा वेळ मी त्यालाच देणार आहे.

आधी तांब्याचा हिशेब. पाऊण स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्सिबल वायरचा रोध किलोमीटरला २६ ओहम, तर अडीच स्क्वेअर एमएमचा सुमारे ८ ओहम. केबल दीड मीटरची असली तरी वीज एका वायरने जाते आणि दुसरीने परतते, म्हणून लांबी ३ मीटर धरायची. साध्या केबलचे झाले ७८ मिलिओहम, जाड केबलचे २४. फरक ५४ मिलिओहम. अँप्लिफायर २ अँपिअर ओढत असेल, म्हणजे घर दणाणून सोडणारा आवाज असेल, तेव्हा या फरकामुळे ०.११ व्होल्ट कमी-जास्त होतात. २३० मधले ०.११. शंभर भागांतला एक भाग घेतला, तर त्याचा विसावा हिस्सा.

आता भिंतीच्या आत बघा. मीटरपासून सॉकेटपर्यंत २० मीटर वायरिंग दीड स्क्वेअर एमएममध्ये असेल, तर जाण्या-येण्याचा रोध साधारण अर्धा ओहम होतो. केबल बदलून जेवढा रोध वाचवला, त्याच्या नऊपट रोध भिंतीत तसाच राहिला. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, सोसायटीचा पंप लागला, की व्होल्टेज हलतं. संध्याकाळी सात आणि रात्री दोन या वेळांत दहा-पंधरा व्होल्टचा फरक अनेक घरांत रोजचाच आहे. संध्याकाळी आणि मध्यरात्री तेच गाणं तसंच वाजत असेल, तर ०.११ व्होल्टने ते बदलण्याचं कारण उरत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो: ‘केबल हा शेवटचा मीटर नाही, अँप्लिफायरच्या बाजूने पाहिलं तर तो पहिला मीटर आहे.’ ऐकायला पटतं. पण एकामागोमाग जोडलेल्या रोधांची नुसती बेरीज होते, क्रमाने काही बदलत नाही. दुसरा युक्तिवाद स्किन इफेक्टचा, की वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते म्हणून चांदीचा मुलामा हवा. ५० हर्ट्झला तांब्यात वीज सुमारे ९ मिलिमीटर खोलवर जाते आणि दीड स्क्वेअर एमएमच्या तारेचा पूर्ण व्यासच १.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. ती तार आतून-बाहेरून सारखीच वापरली जाते.

तिसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबू. अँप्लिफायर वीज सलग घेत नाही. ट्रान्सफॉर्मरनंतर ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) आणि मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे) असतात. व्होल्टेज शिखरावर पोचतं तेव्हाच, सेकंदाला १०० वेळा, दोन-तीन मिलिसेकंदांपुरते कपॅसिटर भरले जातात. त्या क्षणी करंट सरासरीच्या तीन-चारपट असतो. मग केबल ‘वेगवान’ नको का? दीड मीटर केबलचा इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, मायक्रोहेन्रीच्या घरातला. अँप्लिफायरच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स त्याच्या शेकडो पट. त्या झटक्यांचा वेग ट्रान्सफॉर्मर ठरवतो, केबल नाही.

आणि कपॅसिटरवर काय चाललंय तेही पाहा. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २ अँपिअर घेतले, तर दोन भरण्यांच्या मधल्या १० मिलिसेकंदांत व्होल्टेज जवळपास २ व्होल्टने उतरतं. म्हणजे अँप्लिफायर स्वतःच्या पोटात सेकंदाला १०० वेळा २ व्होल्टची लाट तयार करतो, आणि ती स्पीकरपर्यंत जाऊ नये अशीच त्याची रचना असते. प्रीअँपमधला (मुख्य अँपच्या आधीच्या भागातला) साधा एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर ही लाट ६५ डेसिबलने दाबतो. त्याच्या अ‍ॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की ८० डेसिबलने, म्हणजे दहा हजार पट. घरी अँप बांधणाऱ्यांचा आवडता एलएम३८८६ हा पॉवर आयसी १०० हर्ट्झला शंभर डेसिबलच्या वर दाबतो. अँपसाठी २३० चे ३५ व्होल्ट होतात, तेव्हा केबलच्या ०.११ व्होल्टचे उरतात १७ मिलिव्होल्ट. २ व्होल्टची लाट गिळणाऱ्या सर्किटपुढे त्यांची मातब्बरी ती काय!

कानांनी काय ठरवलं तेही सांगतो. २००४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियामधल्या हौशी श्रोत्यांनी नॉर्डोस्ट कंपनीची वलहाला ही महाग पॉवर केबल आणि साधी केबल यांची अंध चाचणी केली. कुठली केबल लागली आहे ते ऐकणाऱ्यांना दिसत नव्हतं. १४९ उत्तरांपैकी बरोबर आली ७३, म्हणजे ४९ टक्के. नाणं उडवूनही एवढीच आली असती. ही माणसं केबलच्या विरोधातली नव्हती. फरक ऐकू येईल असं त्यांच्यातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं, म्हणूनच मला ही चाचणी मोलाची वाटते.

मग केबल बदलल्यावर फरक जाणवला असं सांगणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. केबल बदलताना जुन्या पिना उपसल्या जातात, काजळी घासली जाते, सैल टॉप (प्लग) नीट बसतो, तारांची जागा बदलते, कधी तुटलेलं अर्थिंग जोडलं जातं. यातल्या प्रत्येक गोष्टीने घरघर कमी होऊ शकते. श्रेय मात्र केबलला मिळतं. त्यामुळे जुनी केबल आधी चार वेळा काढून घाला, मग ऐका.

आता आपल्याकडच्या एका धोक्याबद्दल. महागड्या केबल बहुधा युरोपचा शुको टॉप किंवा अमेरिकन चपट्या पिनांचा टॉप लावून येतात. आपल्या आयएस १२९३ या भारतीय मानकाप्रमाणे ६ अँपिअरच्या सॉकेटच्या गोल पिना ५.१ मिलिमीटरच्या आणि अर्थची पिन ७ मिलिमीटरची. शुकोच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या. त्या आपल्या सॉकेटमध्ये शिरतात, पण सैल बसतात, आणि शुकोचं अर्थिंग टॉपच्या कडेच्या पट्ट्यांवर असल्यामुळे आपल्या सॉकेटमध्ये ते कशालाच लागत नाही. धातूची पेटी असलेला अँप्लिफायर असा बिनअर्थचा चालतो. आत फेजची तार सुटून पेटीला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. अमेरिकन टॉपवर तर १२५ व्होल्ट असं छापलेलंच असतं, तो २३० वर वापरायचाच नाही. मल्टिप्लग अ‍ॅडॉप्टर लावून ही अडचण सुटत नाही, आणखी एक सैल सांधा वाढतो.

अर्थिंगकडे वळू, कारण घरातल्या ऑडिओची खरी दुखणी इथे आहेत. स्पीकरमधून येणारी गुणगुण बहुतेक वेळा ग्राउंड लूपची, म्हणजे दोन अर्थांमधून फिरणाऱ्या करंटची असते. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एका सॉकेटवर, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवर, आणि दोघांमध्ये आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. तो फरक आरसीएच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून करंट वाहवतो. जाळीचा रोध ५० मिलिओहम आणि करंट १० मिलिअँपिअर धरला, तर अर्धा मिलिव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतो. २ व्होल्टच्या सिग्नलच्या तो ७२ डेसिबल खाली असतो. ढोल-ताशात कळणार नाही, पण आलापीत कळतो. पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा घ्या. त्याची पहिली, मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झची, आणि रेक्टिफायरची घरघर १०० हर्ट्झची. पंचमाला चार हर्ट्झने उतरलेला एक बेसूर सोबती मैफलभर बसून राहतो आणि सेकंदाला चार हेलकावे देतो. एवढ्या नाजूक जागी चाललेला हा त्रास पाहून वाईट वाटतं, कारण त्याचा इलाज स्वस्त आहे.

शोधायचं असं. अँप्लिफायरच्या सगळ्या इनपुट केबल काढा. आवाज शांत झाला तर अँप ठीक आहे. मग एकेक उपकरण जोडत जा. सेट-टॉप बॉक्स जोडताच घरघर आली, तर त्याच्या मागची गच्चीवरून येणारी कोअ‍ॅक्स केबल काढून पाहा, अनेकदा चोर तिथेच सापडतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. कारण कळलं की पहिला उपाय हा, की सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. त्यामुळे अर्थांमधलं अंतर वीस मीटरवरून दोन-तीन मीटरवर येतं. हीच एक जागा आहे जिथे पॉवर केबलचा मोजता येण्याइतका संबंध येतो: उपकरणांचे गळतीचे करंट केबलच्या अर्थच्या तारेतून वाहतात, ती तार जाड आणि आखूड असेल तर फरक कमी. पण जाड तांबं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. त्यानेही भागलं नाही तर टीव्हीसाठी ऑप्टिकल केबल वापरा, नाहीतर आरसीए लाइनवर १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थची पिन कापू नका. घरघर थांबते, पण सुरक्षाही जाते.

बोर्डवरचं अर्थिंग खरं आहे की दाखवायला, हे वायरमनला मल्टिमीटरने तपासू द्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये १००-१२० व्होल्टच्या आसपास आकडा तरंगत असेल तर अर्थ तुटलेलं आहे. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात त्याही यामुळेच: एसएमपीएसमधले (चार्जरसारख्या पॉवर सप्लायमधले) वाय कपॅसिटर, म्हणजे फेज-न्यूट्रलपासून पेटीला जोडलेले छोटे कपॅसिटर, अर्थ नसलेल्या पेटीला अर्ध्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात. न्यूट्रल-अर्थमध्ये दिवसभर अगदी शून्य दिसलं तर वायरिंग उघडायला सांगा, कुणीतरी सॉकेटच्या मागे दोन्ही तारा एकत्र बांधल्या असतील. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं, आणि न्यूट्रल सुटली तर सगळ्या पेट्या फेजवर येतात.

काही घरघर अर्थिंगची नसतेच. जुन्या चकतीच्या इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो प्रत्येक लाट मधेच कापतो आणि अँपमध्ये तिखट करकर येते. पंखा पूर्ण वेगावर नेल्यावर ती थांबली, तर रेग्युलेटर बदला, कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा घ्या. स्पीकर शांत पण अँपची पेटीच गुणगुणते आहे, तर टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरला लाइनवरचा थोडासा डीसी बाधतो आहे. शेजारी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर चालू असेल तरी हे होतं. त्याला डीसी ब्लॉकर लागतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे, ऑडिओसाठी शुद्ध साइन वेव्हचाच हवा. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा कुठलीही केबल उपकरण वाचवत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस लागतं, आणि अर्थिंग नसेल तर तेही नीट काम करत नाही.

चांगली केबल हवीच असेल तर ती घरी बनते. आयएस ६९४ ची, आयएसआय मार्क असलेली दीड स्क्वेअर एमएमची तीन कोअरची फ्लेक्सिबल वायर, संगणकाला लागतो तो आयईसी सी१३ कनेक्टर आणि ६ अँपिअरचा पितळी पिनांचा टॉप. अँपला सी१९ चं मोठं तोंड असेल तर अडीच स्क्वेअर एमएम आणि १६ अँपिअरचा टॉप. बाहेरचं आवरण साडेतीन-चार सेंटिमीटर सोला. अर्थची तार इतर दोन्हींपेक्षा एक सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तरी अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल. टोकांना सोल्डर लावू नका, स्क्रूखाली सोल्डर हळूहळू दबतं, सांधा ढिला होतो आणि तापतो. त्याऐवजी फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवा. आवरण केबल ग्रिपच्या आत आलंच पाहिजे. सॉकेट समोरून पाहताना फेज उजवीकडे असते, त्याप्रमाणे जोडा. शेवटी मल्टिमीटरने अर्थची सलगता पाहा आणि फेज-अर्थमध्ये शॉर्ट नाही ना याची खात्री करा. टर्नटेबल असेल तर ही केबल फोनो केबलपासून फूटभर दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, कारण मूव्हिंग कॉइल काडतुसाचा (टर्नटेबलची सुई धरणाऱ्या भागाचा) सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचा असतो.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: ‘महाग केबल घेऊन झाली आहे, तिचं काय करू?’ वापरा. तांबं चांगलंच आहे. फक्त आधी तिचा टॉप कापून आपला आयएसआयचा टॉप बसवा. कनेक्टरवर २५० व्होल्ट लिहिलं आहे का ते पाहा, नसेल तर तोही बदला. अर्थची सलगता तपासा. आणि फरक ऐकायची उत्सुकता असेल तर घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून तुमच्या नकळत केबल बदलायला सांगा. प्रत्येक वेळी दोन्ही टोकं काढून घालायची, मग तीच केबल असो वा दुसरी. सोळा वेळा करा. बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर ती योगायोगाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. तसं झालं तर जुन्या केबलचं अर्थ आणि सांधे लगेच तपासा, तिच्यात बिघाड असण्याची शक्यता मोठी आहे.