आधी लिव्हर, मग प्लेटा

मंडळी, सुरुवात जरा लाजेनेच करतो. मी घरी पहिल्यांदा मोटरसायकलचा क्लच उघडला तेव्हा तो उघडायची गरजच नव्हती. गाडी चढावर नुसती रेस घ्यायची, आवाज वाढायचा पण अंगात जोर नाही, मी ठरवून टाकलं की प्लेटा गेल्या. कव्हर खोललं, नव्या प्लेटा टाकल्या, पॅकिंग नवीन, ऑइल नवीन, हात कोपरापर्यंत काळे, आणि पुढच्याच चढावर परत तेच. मग चिडून काढलेल्या जुन्या प्लेटांना जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर जाडी जवळजवळ नव्याएवढी! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मला हँडलवरचा क्लचचा लिव्हर ढिला आवडत नाही, म्हणून मी त्याची केबल ताणून लिव्हर एकदम ताठ करून ठेवला होता, आणि नव्या प्लेटा बसवल्यावरही हौसेने परत तसाच ताठ केला. म्हणजे मी अख्खा महिना क्लच थोडासा दाबलेल्या अवस्थेतच गाडी चालवत होतो.

यात एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सोपं जातं. आपण म्हणतो क्लच दाबला, पण खरं दाबायचं काम स्प्रिंगा करतात, चोवीस तास. आत एक फ्रिक्शनची प्लेट, एक स्टीलची, परत फ्रिक्शनची, अशी चळत असते, फ्रिक्शनवाल्या बाहेरच्या हाउसिंगबरोबर फिरतात म्हणजे इंजिनबरोबर, आणि स्टीलच्या आतल्या हबबरोबर म्हणजे गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगांनी चळत घट्ट आवळली की दोन्ही एकत्र फिरतात. आपण लिव्हर ओढतो तेव्हा तो दाब फक्त उचलतो. त्यामुळे तक्रारी मुळात दोनच, एकतर दाब पुरा बसत नाही म्हणून क्लच स्लिप होतो, म्हणजे प्लेटा एकमेकींवर घसरतात, नाहीतर दाब पुरा सुटत नाही म्हणून गिअर अडकतात, न्यूट्रल सापडत नाही, लिव्हर दाबून उभे असलो तरी गाडी पुढे सरकते.

आता स्लिप ओळखायचा कसा? मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या स्पीडला एकदम रेस पिळा. तब्येतीची गाडी थोडी कुरकुरेल आणि मग हळूहळू स्पीड पकडेल. स्लिप होणारी गाडी काय करते, आरपीएमचा काटा टुणकन वर जातो आणि स्पीडचा काटा आहे तिथेच. पहिल्या गिअरमध्ये हे कळत नाही, कारण तिथे क्लचवर भार कमी पडतो, म्हणून बरेच जण गल्लीत एक चक्कर मारून म्हणतात ठीक आहे की.

ठीक नसेल तर लगेच पाने काढू नका. आधी लिव्हर. इंजिन बंद, हँडल सरळ, आणि लिव्हर एका बोटाने हळू ओढा. सुरुवातीला तो फुकट हलतो, मग जड लागतो. जड लागेपर्यंतची जी मोकळी हालचाल तो प्ले. बऱ्याचशा केबलवाल्या गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी तो साधारण 10 ते 20 मिलिमीटर असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच धरायचा.

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट इथे आहे. केबल जुनी होऊन ताणली गेली की प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या की मात्र बहुतेक गाड्यांत उलटं होतं, चळत बारीक होते, तिला वरून दाबणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि प्ले कमी होत जातो. म्हणजे लिव्हर ढिला होत चालला असेल तर संशय केबलवर, आणि तुम्ही हात न लावता लिव्हर आपोआप ताठ होत चालला असेल तर प्लेटा झिजतायत. दर दोन-तीन आठवड्यांनी केबल ढिली करून प्ले परत द्यावा लागत असेल तर समजून जा. इतकं सगळं लिव्हर सांगतो, आपण विचारत नाही एवढंच.

प्ले अ‍ॅडजस्ट करताना लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर बारीकसारीक फरकासाठी ठेवा, तो जवळपास पूर्ण आत घ्या आणि मुख्य काम खाली इंजिनजवळच्या नटांवर करा, म्हणजे पुढे रस्त्यात गरज लागली तर वर जागा शिल्लक राहते. लॉकनट आवळायला विसरू नका. आणि झाल्यावर हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवून दोन्हीकडे प्ले परत बघा. एका बाजूला तो गायब होत असेल तर केबल कुठेतरी चुकीची फिरवलीय, टाकीखाली किंवा हेडलाइटमागे दाबली जातेय.

केबल तपासायची तर लिव्हरमधून तिच्या टोकाची धातूची गोळी बाहेर काढा आणि गोळीच्या अगदी लगतचा इंचभर भाग उजेडात बघा. तार तिथेच वाकते, तिथेच तुटते. एकसुद्धा बारीक तार उसवून बाहेर आली असेल तर बोटाला टोचते लगेच, मग ती केबल बदलायचीच, ऑइल घालून तिचं आयुष्य वाढत नाही. धड असेल तर वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून नरसाळं करा, पातळ ऑइल ओता आणि खालून थेंब येईपर्यंत लटकवून ठेवा. फक्त ज्या केबलला आतून नायलॉनचं अस्तर आहे आणि कंपनीने ऑइल घालू नका सांगितलंय, तिथे गप्प बसा.

हायड्रॉलिक क्लचवाल्यांचं वेगळं. तिथे केबलच नाही, लिव्हर स्पंजसारखा लागला तर बहुधा लाइनमध्ये हवा शिरलीय, ती काढायची, आणि फ्लुइडच्या छोट्या टाकीच्या झाकणावर जे फ्लुइड लिहिलंय तेच घालायचं, कारण काही गाड्यांना ब्रेक फ्लुइड लागतं आणि काहींना मिनरल ऑइल, अदलाबदल केली तर आतले रबर सील फुगून बाद.

ऑइलबद्दल थांबून सांगतो, कारण इथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, कारला ती चांगली, आपल्या प्लेटांना मात्र घर्षणच हवं असतं. म्हणून डब्यावर जासो (JASO) या जपानी मानकाचं एमए किंवा एमए2 बघा. एमबी लिहिलेलं ऑइल ज्यांचा क्लच ऑइलबाहेर असतो त्या स्कूटरांसाठी. ऑइल बदलल्या बदलल्या स्लिप सुरू झाला असेल तर पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारा की डबा कुठला होता.

आता हे सगळं नीट आहे आणि तरी स्लिप होतेय, तर मग उघडा. क्लच बहुधा उजव्या बाजूला असतो, गाडी डावीकडे नीट कलवून टेकवली तर ऑइल न काढताही काम होतं, पण मी म्हणतो ऑइल जुनं असेल तर काढूनच टाका. कव्हरचे बोल्ट लहान-मोठे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खुपसून ठेवा. प्लेटा काढताना जशा निघतात तशाच क्रमाने ओळीत मांडा, कारण काही गाड्यांत पहिली किंवा शेवटची प्लेट वेगळी असते. पुशरॉडजवळ, म्हणजे लिव्हरची ओढ प्रेशर प्लेटपर्यंत नेणाऱ्या दांडीजवळ, छोटा छर्रा असेल तर तो हमखास घरंगळतो, खाली आधीच पांढरं फडकं अंथरा.

फ्रिक्शन प्लेट मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली गेली असेल तर अख्खा सेट बदला. स्टीलची प्लेट काचेवर सपाट ठेवून कडेला फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवा, 0.2-0.3 मिलिमीटरचं पातं आत जात असेल तर ती वाकलीय, आणि निळी पडली असेल तर तापलीय. स्प्रिंगांची लांबी मोजा, हे बरेच जण करतच नाहीत, प्लेटा नव्या आणि स्प्रिंगा थकलेल्या, मग परत स्लिप. हाउसिंगच्या खाचांवर नख फिरवा. नख अडकेल असे खड्डे पडले असतील तर प्लेटा तिथे अडकतात आणि क्लच पुरा सुटत नाही, बारीक असतील तर कानसीने हलके घासता येतात, खोल असतील तर हाउसिंगच बदलायचं.

नव्या प्लेटा बसवायच्या आधी इंजिनात घालणार त्याच ऑइलमध्ये काही तास बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. आणि स्प्रिंगांचे बोल्ट आडवेतिडवे, थोडे थोडे करून आवळा, टॉर्क रेंच वापरा. ते ज्या खांबांत बसतात ते अ‍ॅल्युमिनियमचे असतात, मी एकदा अंगातला जोर दाखवला आणि कट् आवाज आला, बोल्ट शाबूत, खांब माझ्या हातात.

मगाशी मागून कुणीतरी विचारलं की सकाळी पहिला गिअर टाकला की खाड् वाजतं, ते काय? थंड ऑइल जाड असतं, प्लेटा एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, म्हणून वाजतं. बंद गाडी गिअरमध्ये टाका, लिव्हर दाबून दोन-तीनदा मागेपुढे करा म्हणजे प्लेटा सुटतील, मग न्यूट्रल करून स्टार्ट करा. इंजिन गरम झाल्यावरही तसंच वाजत असेल तरच मला गाडी दाखवा, आणि दाखवायच्या आधी प्ले बघून या.