तान्ह्या मुलीच्या अंगावरच्या तपकिरी रेषा

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगी जन्मून आठवडाही झालेला नसतो आणि तिच्या मांडीपासून पोटरीपर्यंत पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात. अगदी रांगेत. घरातलं कुणी म्हणतं नागीण आहे, कुणी म्हणतं आईने ग्रहण पाळलं नाही. लेप लागतात. खरं तर तान्ह्या बाळाला फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवं, कारण तो गंभीर जंतुसंसर्गही असू शकतो.

संसर्ग नसेल, तर एका दुर्मिळ आजाराचा विचार होतो: इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेन्टाय. फोड सुकतात, तिथे चामखिळीसारखी खरखरीत त्वचा येते, आणि पुढच्या काही महिन्यांत ओल्या मातीतून बोटं फिरवावीत तशा तपकिरी रेषा अंगभर उमटतात. पोटावर वळणदार, पाठीवर मधोमध टोक आलेल्या.

या रेषांची वाट ठरलेली असते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी 1901 मध्ये ती रेखाटली. गर्भात त्वचेच्या पेशी वाढताना ज्या मार्गाने पसरतात, तोच हा मार्ग. हा आजार एक्स गुणसूत्रावरच्या, म्हणजे पेशीतल्या जनुकांच्या एका धाग्यावरच्या, एका जनुकातल्या बिघाडाने होतो. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकच काम करतं. जिथे बिघडलेल्या जनुकाचं गुणसूत्र चालू राहिलं, तिथे रेष उठते. मुलग्यात एक्स एकच, म्हणून असा गर्भ बहुधा टिकत नाही.

रंगाची काळजी करू नका. तो वयात येईपर्यंत बराचसा आपोआप फिका होतो. डाळीचं पीठ, लिंबू, गोरेपणाची मलमं, यांतलं काहीही त्या कोवळ्या कातडीवर घासू नका. माझा जीव तुटतो तो डोळ्यांसाठी. याच आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडून पडदा सुटू शकतो, तोही पहिल्या वर्षातच. बाळ सांगणार कसं? म्हणून निदान होताच पडद्याची तपासणी, आणि पहिली काही वर्षं पुन्हा पुन्हा. वेळेत सापडलं तर लेझरने नजर वाचवता येते. झटके आले तर मेंदूची तपासणीही लागते. दात उशिरा, कमी किंवा टोकदार येतात.

आणि आईला बोल लावू नका. पुष्कळदा जनुकातला हा बदल बाळातच नव्याने झालेला असतो. तरी तिच्या पोटरीवर फिकट, केस नसलेले पट्टे आहेत का, पूर्वी गर्भपात झालेत का, हे डॉक्टर विचारतील. तेव्हा मोकळेपणाने सांगा. पुढच्या बाळंतपणाआधी रक्तातून जनुकाची तपासणी करता येते.

नमस्कार.