डेव्हिड लेंग : जुन्या कवितांचे संपादक

मंडळी, नमस्कार.

एडिनबर्गला आलेल्या पाहुण्यांना आपण कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचं स्मारक हमखास दाखवतो. मी आज बोलणार आहे त्यांचे सहकारी डेव्हिड लेंग यांच्याबद्दल. त्यांचं नाव आपल्यापैकी फारसं कुणी ऐकलेलं नसेल, याची मला खरंच हळहळ वाटते.

लेंग यांचा जन्म १७९३ चा, इथलाच. वडील पुस्तकविक्रेते. दुकानात काम करता करताच मुलाला जुन्या ग्रंथांची पारख आली. १८२३ मध्ये स्कॉट यांच्या अध्यक्षतेखाली बॅनटाइन क्लब सुरू झाला. स्कॉटलंडचा इतिहास आणि साहित्य यांची दुर्मिळ साधनं छापायची, हे त्याचं काम. नाव घेतलं होतं जॉर्ज बॅनटाइन याचं. १५६८ मध्ये प्लेगच्या साथीच्या दिवसांत या तरुणाने स्कॉट्स भाषेतल्या जुन्या कविता हाताने उतरवून काढल्या. विल्यम डनबार, रॉबर्ट हेन्रीसन यांच्या अनेक रचना टिकल्या त्या या हस्तलिखितामुळे. साथीच्या दिवसांत कविता उतरवत बसलेला हा माणूस मला फार मोठा वाटतो.

क्लबचे चिटणीस पहिल्यापासून लेंगच. १८६१ मध्ये क्लब बंद झाला तोपर्यंत, म्हणजे ३८ वर्षं! मंडळाचं चिटणीसपद ज्यांनी सांभाळलंय, त्यांना यामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. १८३७ पासून ते सिग्नेट लायब्ररीचे, म्हणजे इथल्या वकिलांच्या संस्थेच्या ग्रंथालयाचे, ग्रंथपालही होते, तेही अखेरपर्यंत.

डनबारच्या कविता त्यांनी १८३४ मध्ये दोन खंडांत काढल्या, हेन्रीसनच्या १८६५ मध्ये. मधल्या काळात धर्मसुधारक जॉन नॉक्स याचं समग्र लेखन सहा खंडांत. ते काम १८४६ ते १८६४ चाललं. डनबार राजदरबारातला कॅथलिक कवी, तर नॉक्स कॅथलिक पंथाचा कट्टर विरोधक. लेंग यांनी दोघांचीही पानं सारख्याच निष्ठेने लावली. संपादकाचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. इतिहासाची अस्सल साधनं आधी छापून लोकांसमोर ठेवायची, हा ध्यास पाहिला की मराठी माणसाला राजवाडे आठवतातच.

१८७८ मध्ये लेंग गेले. त्यांच्या छापील ग्रंथांचा लिलाव लंडनमध्ये ३१ दिवस चालला आणि १६ हजार पौंडांहून जास्त रक्कम आली. हस्तलिखितं मात्र त्यांनी एडिनबर्ग विद्यापीठाला दिली होती. ती आजही विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि अभ्यासक ती वापरतात.