पासाऊ : मिठाच्या वाटेवरचं गाव

मंडळी, पासाऊचं नाव निघालं की लोक आधी तिथल्या कॅथेड्रलबद्दल आणि त्यातल्या प्रचंड ऑर्गनबद्दल बोलतात. मी आज मिठापासून सुरुवात करणार आहे, कारण त्या गावाची श्रीमंती मिठातून आली, आणि तिथली भांडणंही बरीचशी त्या श्रीमंतीवरूनच झाली.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या पूर्व टोकाला, ऑस्ट्रियाच्या वेशीवर तीन नद्या एकत्र येतात. पश्चिमेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून आल्प्सचं बर्फाचं पाणी घेऊन इन आणि उत्तरेच्या जंगलातून लहानशी इल्झ. इल्झचं पाणी दलदलीतून आल्यामुळे काळपट, तर इनचं हिरवट-पांढुरकं. संगमाच्या खाली काही अंतर हे रंग शेजारी शेजारी वाहतात. वर्षाच्या सरासरीत इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते, तरी पुढे नाव मात्र डॅन्यूबचंच चालतं. मला इनची बाजू घ्यावीशी वाटते, कारण गावाला पोसलं ते तिनेच.

साल्झबुर्गजवळ हालाईनच्या खाणींतलं मीठ होड्यांत भरून झाल्झाख नदीने इनमध्ये आणि इनने पासाऊला येई. तिथे ते उतरवायचं. पलीकडे बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, मीठ जवळजवळ नव्हतंच. मग घोड्यांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे जंगलातले डोंगर ओलांडत आणि प्राखातित्से गावात पोहोचत. परतताना मुख्यतः धान्य आणत. या वाटेला नाव पडलं ‘सोनेरी वाट’. 1010 साली राजा दुसरा हाइन्रिख याने बोहेमियाच्या या व्यापारावरची जकात पासाऊच्या नीडर्नबुर्ग मठाला दिली, तिथपासून तिचा लेखी पुरावा मिळतो.

जकात आली की ती कोणाची, हा प्रश्नही आला. बिशपपीठ इथे 739 पासून होतं, आणि 1217 मध्ये बिशप गावाचा राजाच झाला. दोन वर्षांनी त्याने डॅन्यूब आणि इल्झ यांच्या मधल्या डोंगरावर ओबरहाउस हा किल्ला बांधायला घेतला. तिथून अख्खं गाव तळहातावर दिसतं. किल्ला शत्रूसाठी होता तसाच स्वतःच्या रयतेसाठीही होता, असं माझं मत आहे. व्यापारी नागरिकांनी 1298 आणि 1367 मध्ये उठाव केले, पण बिशपची सत्ता हलली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 1478 साली पासाऊच्या ज्यूंवर चर्चमधल्या पवित्र प्रसादाची विटंबना केल्याचा आरोप ठेवला गेला. काहींना ठार मारलं, बाकीच्यांना बाप्तिस्मा घ्यावा लागला किंवा गाव सोडावं लागलं. त्यांचं प्रार्थनास्थळ पाडून त्याच जागी, इल्झच्या काठी कड्याला टेकून, सेंट साल्वाटोर चर्च उभं केलं. ते आजही तिथे आहे. पासाऊला गेलात तर तिथे जरूर थांबा.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियाच्या ड्यूकने मिठाचा व्यापार आपल्या हाती घेतला आणि गावाचा कणा मोडला. त्यानंतर 1662 च्या आगीत बहुतेक गाव जळालं. आज दिसणारं कॅथेड्रल त्यानंतरचं, कार्लो लुरागो या इटालियन वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यावर उभारलेलं. 1803 मध्ये बिशपचं राज्य संपलं आणि पासाऊ बव्हेरियात गेलं.

नद्या मात्र आपला हक्क सोडत नाहीत. जून 2013 मध्ये डॅन्यूब 12.89 मीटरपर्यंत चढली. जुन्या गावातल्या तळमजल्यांत पाणी आणि पाणी ओसरल्यावर गाळ. तो उपसायला विद्यापीठातली पोरं फावडी घेऊन शेकड्यांनी उतरली. नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. 2013 ची खूण जवळ उभ्या माणसाला मान वर करूनच पाहावी लागते. तिच्याही वर एकच खूण आहे, 1501 ची.