आवाज उतरला की उतरवला?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला विषय दिलाय तो 'ज्येष्ठ कलावंताचं नवं गाणं आणि त्याचे चाहते'. मी काही संगीताचा अभ्यासक नाही. बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला होतो. गिटार वाजवतो, पण घरी कुणी नसताना. तेव्हा मी चाहत्यांच्या बाजूनंच बोलणार.

आपण सगळे गडकरी रंगायतनला जातो. ज्येष्ठ गायक म्हणतात, 'आता एक नवीन रचना सादर करतो', की लगेच मागच्या रांगांमधून खुर्च्यांची खटखट सुरू होते. कुणाला चहा आठवतो, कुणाला फोन येतो. हीच मंडळी जुन्या गाण्याला धावत परत येतात आणि मध्यंतरात वडा खाताना म्हणतात, 'पट्टी खाली घेतली हो, आता पूर्वीचं राहिलं नाही.' हसू नका, मीही त्यातलाच आहे. ख्यालाच्या बैठकीत आपण जरा मोठ्या मनाचे असतो. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजी गायले तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते, आणि त्यांची पट्टी मोजायला कुणी बसलं नव्हतं. भावगीताला आणि पॉपला मात्र ही सवलत आपण देत नाही. ते गाणं आपल्या डोक्यात तरुण आवाजात कायमचं बसलेलं असतं.

आता माझी गोष्ट. आम्ही चौघं, सगळे नौपाडा-विष्णुनगरातले, ऐंशीच्या दशकात डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकाचे भक्त होतो. घरोघरी भावगीतं आणि नाट्यपदं चालू असताना आम्ही काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन कॅसेट आणायचो. एक कॅसेट आणायची आणि चौघांनी झिजवायची. आमच्यातल्या एकाचं नावच 'कॅसेट' पडलं, कारण टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम त्याचं असे.

या बोवीनं २००३ नंतर नवा अल्बम काढला नव्हता. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका कार्यक्रमानंतर हृदयाची धमनी बंद असल्याचं निघालं, दौरा रद्द झाला आणि हळूहळू तो दिसेनासाच झाला. आम्ही धरून चाललो होतो की संपलं. आणि ८ जानेवारी २०१३ ला, मंगळवारी, त्याच्या सहासष्टाव्या वाढदिवशी, कसलीही जाहिरात न करता त्यानं एक गाणं सोडलं : 'व्हेअर आर वी नाऊ?'. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षं गुपचूप रेकॉर्डिंग चाललं होतं. वादकांकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या होत्या. आपल्याकडे घरात साखरपुडा ठरला तर संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या वॉचमनला कळतं!

गाणं संथ. पॉपवाले ज्याला बॅलड म्हणतात तसं. आवाज बारीक, काठावरचा, जरासा थरथरता. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मला कॅसेटचा फोन आला. पहिलं वाक्य, 'ऐकलंस? हा निरोप घेतोय रे.' दुसरा म्हणाला, 'आवाज गेला, कशाला काढलं?' तिसऱ्याच्या बायकोनं तर 'त्यांना बरं नसणार' असं निदानच करून टाकलं. तिकडच्या चाहत्यांचंही निराळं नव्हतं. कुणी रडत होतं, कुणी त्याच्या तब्येतीचे अंदाज बांधत होतं. व्हिडिओत त्याच्या अंगात एक टी-शर्ट आहे, त्यावर 'साँग ऑफ नॉर्वे' लिहिलंय. चाहत्यांनी लगेच शोधून काढलं की तरुणपणी त्याला सोडून गेलेली मैत्रीण याच नावाच्या सिनेमात काम करायला गेली होती. म्हणजे बघा, टी-शर्टचाही पुरावा झाला. सगळे मिळून जुन्या जखमांचा पंचनामा करत बसले.

त्या रविवारी मी ते गाणं माझ्या आत्याला ऐकवलं. आत्यानं विष्णुनगरात मुलींना गाणं शिकवलं, सुगम, तीस-पस्तीस वर्षं. इंग्रजी तिला दुकानाच्या पाटीपुरतं येतं. पेटीवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, 'पुन्हा लाव.' दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाली, 'आजारी माणूस ओळीच्या शेवटी गळतो रे. हे गृहस्थ ओळीच्या शेवटी सूर सोडतात. गळणं वेगळं आणि सोडणं वेगळं. मधे लांब सूर आहे ना, तिथं बघ, श्वास कुठं तुटतोय का? आवाज उतरलेला नाही, उतरवलाय.' मग तिनं विचारलं, 'आणि हे सारखी नावं कसली घेतायत? गावांची का?'

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. गाण्यात खरंच पत्ते आहेत, बर्लिनचे. १९७६ ते ७८ बोवी पश्चिम बर्लिनमध्ये राहिला, शोनेबर्ग भागात, इगी पॉप या गायक मित्रासोबत. शहराचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे करणाऱ्या त्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचा. गाण्यात तो म्हणतो की पोट्सडामर प्लाट्झहून गाडी पकडावी लागली, मला हे जमेल असं तुला वाटलं नसेल. साधी ओळ वाटते. पण त्याच्या काळात ते स्टेशन बंद होतं! वर भिंत, खाली गाड्या न थांबता जायच्या. भिंत पडल्यावर ते पुन्हा उघडलं.

आता हे ठाण्यात कसं सांगायचं? समजा, कुणी १९७८ साली ठाणं सोडून गेला. तेव्हा ठाण्याहून वाशीला जायचं म्हणजे कळव्यावरून बेलापूर रोडनं, कंपनीची बस मिळाली तर नशीब. तो माणूस म्हातारपणी परत येतो आणि म्हणतो, 'अरे, मी ठाण्याला लोकल पकडली आणि थेट वाशीला उतरलो!' ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावर गाड्या सुरू झाल्या त्या २००४ मध्ये. त्याच्या बोलण्यात अप्रूप आहे, आणि ज्याला सांगायचं ती व्यक्ती आता बरोबर नाही हेही आहे. पण 'मी चाललो' असं त्यात कुठं आहे? पुढे तो ब्योझेब्र्युके नावाच्या पुलाचं नाव घेतो. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीचं पहिलं फाटक तिथं उघडलं. गाण्यात वीस हजार माणसं तो पूल ओलांडतात, बोटावर बोट चढवून, म्हणजे आपण मनात देवाचं नाव घेतो तसं. त्या रात्री बोवी काही बर्लिनमध्ये राहत नव्हता. म्हणजे इथं तो स्वतःची आठवणसुद्धा सांगत नाहीये, दुसऱ्यांच्या रात्रीबद्दल गातोय.

त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यानं लगेच सांगितलंही होतं की बाकीचा अल्बम असा नाही. आम्ही मनावर घेतलं नाही. मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' आला आणि पहिल्याच गाण्यात ड्रम आणि गिटार अंगावर येतात, गडी ओरडून गातोय. चौदा गाण्यांतलं नेमकं सगळ्यात हळवं गाणं उचलून त्यानं आधी पाठवलं होतं. दहा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला लोक कशा कानांनी ऐकणार हे त्याला पक्कं ठाऊक असावं. आत्याला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'मग? मी काय म्हटलं होतं?' आणि भाजी करपतेय म्हणून ठेवून दिला.

आम्हाला निरोप का ऐकू आला? कॅसेटला त्याच्या दीड वर्ष आधी स्टेंट बसला होता. आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले. व्हॉट्सअॅपवर गोळ्यांची नावं फिरत होती. बोवीच्या छातीत काय चाललंय याची कॅसेटला एवढी खात्री कुठून आली, हे त्या वेळी त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खरी गंमत पुढं आहे. गंमत म्हणवत नाही खरं तर. ८ जानेवारी २०१६ ला, शुक्रवारी, एकोणसत्तराव्या वाढदिवशी त्याचा 'ब्लॅकस्टार' आला. आधीच्या दिवशी एका गाण्याचा व्हिडिओ आला होता, त्यात तो डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर पडलाय आणि शेवटी चालत जाऊन एका कपाटात शिरतो. आम्ही पाहिला. आणि आम्ही काय म्हटलं? सॅक्सोफोन काय सुंदर आहे! २०१३ ला एकदा फसलो होतो ना, आता शहाणे झालो होतो. शनिवारी रात्री कॅसेटचा मेसेज आला : 'बघ, हा आता सत्तरीत पण अल्बम काढणार. पैज?' मी अंगठा पाठवला.

रविवारी, दहा तारखेला, बोवी गेला. आपल्याला कळलं ते सोमवारी दुपारी. दीडएक वर्षापासून त्याला कॅन्सर होता आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी कॅसेटनं फोन केला नाही, मीही नाही केला. संध्याकाळी तलावपाळीला भेटलो, भेळ घेतली. बोवीचा विषय कुणी काढला नाही. शेवटी उठताना तो म्हणाला, 'पैज हरलो.'

असो. खूप बोललो. आता ते २०१३ चं गाणं लावतो, चार मिनिटं आठ सेकंदांचं आहे. शब्द नाही कळले तरी चालतील. आत्या सांगायची तसं ओळींच्या शेवटाकडे कान ठेवा, आणि उत्तरार्धात ड्रम हळूहळू पुढे सरकत येतात तिकडे. मागचा पंखा जरा बंद करता का? हां. आणि ते दार लावून घ्या, गोखले रोडचे हॉर्न येतायत.